वारा पाहणाऱ्या खुळ्यांची थोरवी

तणनाशकाचा पंप पाठीला लावून बांधापर्यंत गेलेला, वारा शेजारच्या ज्वारीकडे फिरलाय हे पाहून तिथूनच मागं वळलेला, कालवलेलं औषध आपल्याच रानाच्या मधल्या तासांत संपवून बांधाकडचे दहा तास तसेच सोडून घरी आलेला माणूस गावात खुळा ठरतो. मला या माणसाची स्तुती करायची आहे. कृषी प्रदर्शनात त्याला शाल-श्रीफळ मिळत नाही, कारण त्यानं केलेलं काम कुणाला दिसत नाही. शेजारची ज्वारी होती तशी राहिली, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि न झालेल्या नुकसानीचा पंचनामा होत नाही.

त्याचा खुळेपणा साधासुधा नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. सोयाबीन वीस दिवसांचं झालंय. तण दोन-चार पानांवर आहे. आणखी आठ-दहा दिवस गेले तर ते औषधाला दाद देणार नाही. फवारणाऱ्याची मजुरी ठरलेली आहे. जुलैत उघडीप किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. अशा वेळी थांबायचं म्हणजे मजुरी, उघडीप आणि बांधाकडच्या तासांतलं तण असं सगळं पदरचं घालायचं. बदल्यात काय मिळतं? काहीच नाही. वाचते ती शेजाऱ्याची ज्वारी. उलट जो न थांबता फवारून मोकळा होतो त्याचं तण मरतं, दिवस वाचतो, आणि नुकसान झालंच तर ते दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर होतं. शहाण्यांच्या या हिशेबात एका पैशाची चूक नाही. म्हणूनच या प्रश्नात शहाणपणावर भिस्त ठेवता येत नाही. बांधापलीकडचं जे काही पीक आज वाचतंय ते खुळ्यांमुळे वाचतंय, असं माझं पक्कं मत आहे.

वारा पाहणं हा या खुळेपणाचा पाया. फवाऱ्यातून निघणारे थेंब एकसारखे नसतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. ४०० मायक्रॉनचा थेंब तीन मीटर उंचीवरून दोन सेकंदांत खाली येतो, आणि ताशी पाच किलोमीटरच्या मंद वाऱ्यात साधारण अडीच-पावणेतीन मीटर सरकतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढंच अंतर उतरायला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो तेरा मीटर पुढं गेलेला असतो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटं हवेत राहतो आणि तीनशे मीटरच्याही पुढं जाऊन पडतो. ताशी पाच किलोमीटर म्हणजे चालणाऱ्या माणसाचा वेग. त्याला कुणी वारा म्हणतसुद्धा नाही. आता पाठीवरच्या पंपाचा नोझल काही तीन मीटरवर नसतो, गुडघ्याच्या उंचीवर धरला तर अंतरं पुष्कळ कमी होतात. पण तो गुडघ्याच्या उंचीवर धरणारे किती? बहुतेकांचा हात कमरेच्या वर असतो, आणि पॉवर स्प्रेवाला तर गन आभाळाकडे करून मारतो.

थेंब बारीक होण्याचं मोठं कारण नोझल. किडीच्या औषधाला पोकळ शंकूचा नोझल लागतो, कारण तिथं पानाच्या दोन्ही बाजू भिजवायच्या असतात आणि त्यासाठी धुकं हवं असतं. तणनाशकाला नेमकं उलट हवं. जाड थेंब, कमी दाब, पंख्यासारखा पसरणारा फवारा. म्हणून फ्लॅट फॅन किंवा फ्लडजेट वापरा असं सांगतात. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातल्या औषधातून १०० मायक्रॉनचे चौसष्ट थेंब होतात. औषध तितकंच, पण प्रवासाला निघालेले चौसष्ट. तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवणारा आणि त्याला पदरच्या पैशानं वेगळा नोझल बसवणारा शेतकरी दुसऱ्या नंबरचा खुळा. घरात एक पंप चांगला चालू असताना दुसरा कशाला, हा प्रश्न त्याला बायको, भाऊ आणि सोसायटीचा सचिव असे तिघेही विचारतात. त्याच्यापाशी उत्तर असतं, पण ते या तिघांपैकी कुणाच्या फायद्याचं नसतं.

वारा अजिबात पडलेला असेल तेव्हाही थांबणारा तर त्याहून वरचा. संध्याकाळी किंवा अगदी पहाटे, पान हलत नाही अशा वेळी फवारावं असं कुणालाही वाटेल. पण तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, हवा वरखाली मिसळत नाही, आणि बारीक थेंब खाली न बसता त्या गार थरात तरंगत राहतात. मग जरा झुळूक आली की सगळा थर सरकतो, कुठं जाईल ते सांगता येत नाही. याची खूण ओळखायला यंत्र लागत नाही. वस्तीवरच्या चुलीचा धूर वर न जाता छपराच्या उंचीला आडवा पसरला असेल तर त्या वेळी पंप उचलू नये. हलका, एकाच दिशेचा, ज्याची दिशा आपल्याला माहीत आहे असा वारा पडलेल्या हवेपेक्षा बरा. इतकी सुंदर शांत संध्याकाळ हातची घालवणाऱ्याला गाव काय म्हणत असेल ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं ज्वारीला इतकं का बाधतं? कारण ज्वारी गवतच आहे. गहू, बाजरी, मका, भात ही सगळी गवतं आहेत. माणसानं हजारो वर्षं निवडून त्यांचं धान्य केलं, पण कुळ बदललं नाही. सोयाबीनमधलं गवत मारायला जी औषधं वापरतात, क्विझालोफॉप आणि प्रोपॅक्विझाफॉप ही त्यातली नेहमीची, त्यांची खुबीच अशी की रुंद पानाच्या पिकाला ती धक्का लावत नाहीत आणि गवताला सोडत नाहीत. गवताच्या वाढत्या शेंड्यात स्निग्ध पदार्थ तयार करणारं एक विकर ती बंद पाडतात आणि शेंडा जागच्या जागी कुजतो. औषधाला लोना गवत कोणतं आणि हायब्रीड ज्वारी कोणती हे कळत नाही. क्विझालोफॉपचं प्रमाण आहे हेक्टरी पन्नास ग्रॅम मूळ घटक, म्हणजे मूठभरसुद्धा नाही. एवढ्यानं हेक्टरभर गवत मरतं, तेव्हा त्यातला थोडासा भाग बांध ओलांडून गेला तर पलीकडच्या कडेच्या तासांना तो पुरतो.

वेळही नेमकी वाईट जुळते. सोयाबीनला पंधरा-वीस दिवसांनी फवारणी येते, आणि शेजारची ज्वारी साधारण त्याच वयाची असते. ज्वारी महिनाभराची होते तेव्हा तिच्या शेंड्यात पानं तयार होणं थांबून कणसाची मांडणी सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही. कणीस पोटरीतून डोकावायला अजून महिना असतो. पण किती दाण्यांची जागा होणार हे त्या दिवसांत ठरतं. तिथंच घाव बसतो.

हे नुकसान ओळखायचं कसं, ते जवळून सांगण्यासारखं आहे, कारण इथं चूक फार होते. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी बांधालगतच्या ज्वारीचा पोंगा फिका पडतो. जुनी पानं अजून हिरवीगार असतात, म्हणून रस्त्यावरून पाहणाऱ्याला पीक बरंच वाटतं. खाली बसून पोंग्यातलं मधलं पान दोन बोटांत धरून हलकेच ओढायचं. ते विरोध न करता वर येतं. त्याचं बूड पाहायचं: तपकिरी, मऊ, चुरगळलेलं. आता खोडमाशीनं पोंगेमर झाली तरी मधलं पान असंच उपटून येतं, आणि इथंच फसगत होते. खोडमाशीच्या पोंग्याला कुजका वास असतो आणि बुडाशी शोधलं तर अळी किंवा तिचा कोष तरी सापडतो. औषधानं मेलेल्या पोंग्यात अळी नसते. दहा ताटं उपटून एकातही अळी नाही, मेलेली ताटं बांधाला दाट आणि आत जावं तशी विरळ, आणि त्याच पट्ट्यातलं लोना-शिप्पी गवतही पिवळं पडलेलं असलं, तर किडीचा विचार सोडून द्यावा. कीड बांधापासून मोजून शिस्तीत विरळ होत जात नाही, आणि तिनं ज्वारीबरोबर तणही पिवळं केल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण इतकं खाली बसून पाहायला सवड असते कुणाला? ज्वारीवाला दुकानात जातो, पोंगेमर सांगतो, किडीचं औषध घेऊन येतो आणि एका औषधानं झालेल्या नुकसानीवर दुसरं मारतो.

औषधागणिक खुणा बदलतात. इमॅझेथापिर गेलं तर ज्वारी मरत नाही, थिजते. शिरांमधला भाग पिवळा पडतो, कधी पानावर जांभळी झाक येते, आणि मुळं आखूड राहतात. पॅराक्वाट गेलं तर एक-दोन दिवसांत पानांवर भाजल्यासारखे ठिपके उठतात आणि लोक करपा समजतात. ते त्यातल्या त्यात परवडलं, कारण पॅराक्वाट झाडाच्या अंगात फिरत नाही आणि नवं पान स्वच्छ येतं. ग्लायफोसेट फिरतं. ते पानावर पडलं की अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत आणि मुळांपर्यंत जातं. गव्हानं कांडी धरायच्या सुमारास थोडंसं ग्लायफोसेट अंगावर घेतलं तर गहू उभा राहतो, ओंबीही काढतो, पण तिच्यातले दाणे भरत नाहीत. ओंबी उजेडात धरली की आरपार दिसते. दाणे भरताना औषध आलं तर धान्य दिसायला ठीक असतं, पण तेच पुढल्या वर्षी बियाणं म्हणून ठेवलं तर उगवण मार खाते. टू-फोर-डी तर गहू-ज्वारीतच वापरतात, म्हणून धान्यवाल्याला ते आपलं वाटतं. पण चुकीच्या वयात, कांडी धरल्यानंतर, त्याची झुळूक आली तर गव्हाची ओंबी पानाच्या वेटोळ्यात अडकून वाकडी येते, मक्याच्या आधारमुळांची जुडी होऊन ती जमिनीत नीट शिरत नाहीत, आणि ताट काचेसारखं ठिसूळ होतं. मग एका वादळी पावसात शेत झोपतं आणि दोष पावसाला जातो.

या साऱ्यातला मधला प्रकार मला सगळ्यांत जाचतो: ज्यात काहीच धड दिसत नाही. मुख्य ताट गेलं, बुडातून दोन-तीन फुटवे आले, पीक पुन्हा हिरवं झालं. शेजारी म्हणतो, बघा, सुधारलं की. पण फुटव्यांची कणसं उशिरा आणि मागंपुढं येतात. एका कणसात दाणा पक्का, शेजारच्यात दूध. कापणी एकदाच करायची, आणि उशिराच्या कणसांवर पाखरं तुटून पडतात. पोत्यांचा आकडा खाली येतो तेव्हा दसरा होऊन गेलेला असतो, आणि जुलैतल्या त्या दुपारचा वारा कोणत्या दिशेचा होता हे कुणाला आठवत नाही.

म्हणून फवारणीच्या आधी शेजाऱ्याला विचारायला जाणाऱ्या खुळ्याला मी फार मानतो.

"तात्या, बांधाला यंदा काय टाकलंय?"

"हायब्रीड. का रं?"

"सोयाबीनला औषध मारायचंय. वारं तुमच्याकडं असलं तर थांबतो दोन दिवस."

"बरं झालं सांगितलंस. मी पण पाणी तोवर देत नाही त्या बाजूला, चिखलात पाय नको तुझा."

एवढंच संभाषण. त्यात कुणाचा खर्च नाही. पण 'आपल्या रानात फवारायला दुसऱ्याला विचारायचं काय' हा प्रश्न गावात इतका चोख समजला जातो की असं विचारणारा माणूस दुबळा, भांडणाला घाबरणारा ठरतो. भांडणाला घाबरणं यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही. बांधाच्या भांडणांनी आपल्याकडे पिढ्या कोर्टात घालवल्या आहेत.

बांधाला घाबरलं पाहिजे याची साक्ष सातासमुद्रापलीकडूनही मिळते. अमेरिकेत डायकांबा नावाचं तणनाशक आहे. ते धान्यपिकांना फारसं बाधत नाही, रुंद पानाच्या पिकांना बाधतं. तिथं डायकांबा सोसणारं सोयाबीन आणि कापसाचं बी बाजारात आलं, आणि २०१७ च्या एका हंगामात वाऱ्यानं गेलेल्या औषधाचा सुमारे ३६ लाख एकर साध्या सोयाबीनला फटका बसल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठातून मांडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, आर्कान्सॉ-मिसुरीच्या हद्दीवर या कारणावरून झालेल्या बाचाबाचीत एका शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला. याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा परिणाम शांतपणे झाला. औषध आपल्यावर येणारच, तर ते सोसणारंच बी घ्यावं, असं म्हणून कित्येक शेजाऱ्यांनी नको असलेलं बी विकत घेतलं. कुणी सक्ती केली नाही. वाऱ्यानं केली.

आपल्याकडे सक्तीची ही तऱ्हा ज्वारीवर चालते. चारी बाजूंनी सोयाबीन, मधे एक एकर ज्वारी. दोन वर्षं कडेचे तास गेले की तिसऱ्या वर्षी तो माणूसही सोयाबीन पेरतो. विदर्भ-मराठवाड्यातली खरीप ज्वारी कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत: भाव, पाखरं, काळा पडणारा दाणा, काढणीची मजुरी. तणनाशकाचं नाव त्या यादीत बहुधा नसतं, कारण ते मोजलेलंच नाही. पण बांधावर उभं राहून ऐकलं तर ते ऐकू येतं. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, त्यासाठी आपल्याच देशानं पुढाकार घेतला होता. दिल्लीत समारंभ झाले. सोयाबीनच्या समुद्रात एक एकर ज्वारी अजून पेरणारा माणूस मात्र गावात खुळाच राहिला. घरी खायला भाकरी आणि जनावराला कडबा पाहिजे, हे त्याचं कारण. याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही. त्याच्या दावणीला दोन बैल आहेत, ते सोयाबीनचा भुसा खाऊन वर्ष काढणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं सांगण्यासारखं थोडंच आहे. ग्लायफोसेटला आपल्या देशात परवानगी आहे ती चहाच्या मळ्यांना आणि बिगरपीक जागेला. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ते परवानाधारक कीडनियंत्रकाच्या हातूनच मारायचं ठरवलं. प्रत्यक्षात ते बांधाबांधावर मारलं जातं, आणि बांध ही तर दोन पिकांच्या मधली जागा. तणनाशक सोसणाऱ्या कापसाच्या बियाण्याला मंजुरी नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला ते जाहीरपणे, आंदोलन म्हणून पेरलं गेलं. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागणाऱ्या शेतकऱ्याची तळमळ मला समजते. पण त्या कापसावर मारलेलं ग्लायफोसेट शेजारच्या ज्वारीवर गेलं तर तिच्या अंगात ते सोसण्याचा गुण कुणी घातलेला नाही, तिच्या मालकाच्या स्वातंत्र्याचं काय, हा प्रश्न तिथं फारसा विचारला गेला नाही. पीक विम्यात स्थानिक आपत्ती म्हणून गारपीट आहे, भूस्खलन आहे, ढगफुटी आहे, वीज पडून लागलेली आग आहे. शेजाऱ्याचा पंप नाही. टाळता येण्याजोगं नुकसान विम्याबाहेर असतं. तालुक्याची तक्रार समिती बियाणं, खत, औषध खराब निघालं तर येते. इथं औषध खराब नाही. ते उत्तम आहे, म्हणून तर ज्वारी मेली.

आता ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन देण्याची योजना केंद्रानं मंजूर केली, त्यात बायकांच्या हाती नवं कसब येतंय याचा मला आनंद आहे. पण ड्रोन पिकाच्या वर दीड ते तीन मीटरवरून, थोड्या पाण्यात, बारीक थेंबांनी फवारतो. वर दिलेल्या थेंबांच्या हिशेबातली तीन मीटर उंची इथं खरी होते. ड्रोन चालवणारी एखादी ताई वारा पाहून 'आज तणनाशक नाही मारणार' म्हणाली, तर त्या दिवसाची तिची कमाई बुडेल आणि शेतमालक दुसऱ्याचा नंबर फिरवेल. अशी ताई कुठं भेटली तर तिच्या नकाराचे पैसे गावानं द्यावेत.

एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. तणनाशक बंद करा असं मी म्हणत नाही. खुरपणी म्हणजे दिवसभर वाकलेली बाई, कंबर, गुडघे, आणि पुरुषापेक्षा कमी मजुरी. ते काम कमी झालं याचं दुःख मला नाही. त्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला दुसरं काम मिळालं नाही याचं आहे. मला हवेत ते बांधालगतचे आठ-दहा तास. तेवढे कोळप्यानं, डवऱ्यानं, खुरप्यानं करावेत, आणि बाकी रान खुशाल औषधानं. एकरभर रानाच्या एका कडेचे तास खुरपायला दोन बायांची दुपार जाते. तेवढ्या मजुरीत शेजाऱ्याचं पीक आणि स्वतःची झोप दोन्ही राहतात.

आणि सगळ्या खुळ्यांचा मेरुमणी म्हणजे नुकसान झाल्यावर बांध ओलांडून स्वतः सांगायला जाणारा. ज्वारीवाला पोंगेमर समजून औषध आणायला निघालेला असतो, त्याला तसंच समजू दिलं तर प्रकरण मिटल्यात जमा. अशा वेळी हा जातो. औशाकडच्या एका बांधावर हे झालं. हा म्हणाला, "तात्या, अळी शोधू नका. माझ्याच पंपातनं आलंय. दुपारून वारं फिरलं, माझं ध्यान नव्हतं." म्हातारा बराच वेळ पोंगे उपटत बसला. मग म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर चार दिवसांत मोडून तूर टाकली असती. आता उशीर झाला." पैशाची बोलणी झाली नाहीत. दिवाळीनंतर यानं आपल्या दुसऱ्या रानातल्या ज्वारीचा कडबा म्हाताऱ्याच्या गंजीला आणून टाकला, तोही न सांगता. पारावरचे शहाणे अजून विचारतात, कबूल करायची गरज काय होती. गरज काहीच नव्हती.

पुढच्या खरिपाला मात्र दोघांनी बसून ठरवलं. म्हाताऱ्यानं बांधालगत सहा तास तूर टाकायची, कारण सोयाबीनच्या गवतमाऱ्या औषधाला तूर दाद देत नाही आणि पहिला झोत तिच्यावर जिरतो. ह्यानं आपल्या बाजूचे आठ तास कोळपायचे. नोझल नवा आणायचा, त्याचे पैसे दोघांत. ज्वारीचं कणीस बाहेर पडेपर्यंत फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायचा. त्या वर्षी ज्वारी तुरीच्या तासांपर्यंत सारखी आली. या रब्बीत त्याच बांधाच्या एका बाजूला कांदा आणि दुसऱ्या बाजूला गहू येणार आहे. कांद्यातलं गवत मारायचं औषध तेच असतं, तुरीचा हंगाम तोवर संपलेला असतो, आणि मधे हरभऱ्याचे तास टाकायचे तर किती रुंद, हे अजून ठरायचं आहे.